पाटा कोणी नेला

शेजारचं घर बंद झालं तेव्हा त्याची किल्ली आमच्याकडे ठेवायला दिली गेली. वरवट बकालला बस स्टँडच्या मागच्या अंगाला मास्तर-बाबू लोकांनी बांधलेल्या घरांची एक गल्ली आहे. तिच्यात आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीला चिकटून. त्या घरातले गृहस्थ हायस्कुलातून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झालेले. माझा नवरा त्याच शाळेत प्रयोगशाळेत कामाला, त्यामुळे तो त्यांना शेवटपर्यंत साहेबच म्हणायचा. मी स्वतः जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वऱ्हाडी स्वयंपाक धड येत नव्हता. बडेबाबूंच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, भिंतीवरून वाटीभर ठेचा द्यायच्या आणि म्हणायच्या, "मिक्सरात नोको करू व, त्याले चवच येत नाई."

काकू आधी गेल्या. मग मुलानं बडेबाबूंना पुण्याला नेलं आणि ते तिकडेच वारले. तेरवीही तिकडेच झाली. त्यांना दोन मुलं, एक हा पुण्यातला मुलगा आणि एक मुलगी, सोनाळ्याला दिलेली. बडेबाबूंच्या मागे मुलीनं हक्कसोड करून दिलं आणि घर मुलाच्या नावावर झालं. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे बहिणी करूनच देतात. नाही करून दिलं तर मात्र चर्चा होते.

किल्ली देताना मुलगा नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, लक्ष राहू द्या. सामान म्हणाल तर सगळं जुनंपानं आहे. भंगारच समजा. कोणाला काही लागलं तर देऊन टाका."

तो गेल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "देऊन टाका म्हनलं ना त्यानं?"

"म्हनलं," नवरा म्हणाला. "घेऊन टाका नाई म्हनलं."

सासूबाईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते वस्तू वापरात असली तर वस्तू, नाहीतर ती वाळवीचं खाणं. नवऱ्याच्या मते दुसऱ्याच्या बंद दारामागची काडीसुद्धा दुसऱ्याची. मी दोघांच्या मध्ये होते. त्यांच्या अंगणात लिंबाचं झाड होतं. त्याची एक फांदी भिंत ओलांडून आमच्या बाजूला आलेली. त्या फांदीची लिंबं आम्ही घ्यायचो, त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण सासूबाई वेळूच्या काठीला आकडा बांधून पलीकडचीही ओढायच्या.

"आई, भिंतीच्या अलीकडचे घे," नवरा सांगायचा.

"लिंबाले भिंत समजते काय?" त्या म्हणायच्या, आणि लोणच्याची बरणी भरायच्या. ते लोणचं नवराही जेवताना घ्यायचा. मी एकदा हे बोलून दाखवलं तर तो ताट बाजूला सारून उठला. मग मी पुन्हा बोलले नाही.

हळूहळू गल्लीतून मागणी येऊ लागली. समोरच्या घरातल्या वहिनींना उन्हाळ्यात त्यांचा कूलर हवा होता. कुणाला गच्चीवरचे टिनाचे पत्रे हवे होते. पडूनच तर आहेत, असं जो तो म्हणायचा. नवरा एकच उत्तर द्यायचा, "मी मालक नाई." एकदा समोरच्या वहिनी मला हसत हसत म्हणाल्या, "धनावर नाग बसते ना, तसे बसले तुमचे साहेब. शेवटी धन नागाचंच होते म्हनतात." मीही हसले. पण घरात आल्यावर ते वाक्य मनातून गेलं नाही. लोक आपल्याविषयी असं बोलतात तर.

दिवाळीच्या आधी आम्ही ते घर उघडून झाडून घ्यायचो. त्या वर्षी मी स्वयंपाकघर झाडायला गेले आणि ओट्याखाली पाहिलं तर फरशीवर एक आयताकृती जागा आजूबाजूपेक्षा स्वच्छ होती. तिथे काकूंचा पाटा-वरवंटा असायचा. मी आधी इकडेतिकडे शोधला. मागच्या खोलीत, न्हाणीत, पलंगाखाली. नव्हता. पुढच्या दाराचं कुलूप शाबूत होतं, मीच ते उघडलं होतं. खिडक्यांचे गज जागच्या जागी. म्हणजे जो कोणी आत आला तो किल्लीनं आला. आणि किल्ली आमच्या घरात होती.

मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. मला सासूबाईंचा संशय आला होता.

आज हे लिहिताना विचित्र वाटतं, पण त्या वेळी सगळं जुळत होतं. पंधरा दिवसांपूर्वीच त्या शेगावला माझ्या नणंदेकडे जाऊन आल्या होत्या. जाताना त्यांची पिशवी मी ऑटोत ठेवायला उचलली तर भलतीच जड लागली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे, राहू दे." नणंदेनं नवं घर बांधलं होतं आणि तिला जुन्या वस्तूंची हौस. शिवाय सासूबाईच म्हणायच्या की काकूंसारखा दगड आता मिळत नाही. मी त्यांच्या हालचाली पाहू लागले. दुपारी मी शाळेत असते तेव्हा त्या घरी एकट्या असतात. किल्लीच्या खिळ्याखाली भिंतीवर बोटांचे डाग आहेत, ते कुणाचे? मी किल्ली मुद्दाम दात भिंतीकडे करून टांगून ठेवायची आणि संध्याकाळी येऊन पाहायची. ती तशीच असायची. त्यामुळे संशय जायला हवा होता. पण मला वाटायचं, बस स्टँडजवळ किल्ल्या करून देणारा बसतो, दुसरी करून घ्यायला कितीसा वेळ लागतो.

शेवटी एक दिवस त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या तेव्हा मी म्हणाले, "आई, काकूंचा पाटा दिसत नाही तिथं."

त्यांनी मान वर केली नाही. "मले काऊन सांगून राह्यली?"

"तुम्हाला माहीत असेल म्हणून."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले वाटलं, तुले माईत असंल. म्या तर दसऱ्यालेच पाह्यलं, पाटा नाई. म्हनलं, गेला असंल सूनबाईच्या माहेरी."

"माझ्या माहेरी?"

"तुहा भाऊ गाडी घेऊन आल्ता ना. डिक्कीत काय ठेवलं ते तुम्ही दोघायनं मले दाखवलं नाई."

डिक्कीत तुरीची डाळ ठेवली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी त्यांच्या पिशवीत काय होतं ते सांगितलं, मुगाच्या वड्या आणि लोणच्याच्या दोन बरण्या. आम्ही एकमेकींचं ऐकून घेतलं, पण दोघींनाही ते पुरेसं वाटलं नाही. त्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की मी शाळेतून आले की त्या माझ्या बॅगेकडे बघतात. मीही त्यांच्याकडे बघतच होते, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो आमच्यावर चिडला नाही. दुसऱ्या दिवसापासून किल्ली तो खिशात घालून शाळेत नेऊ लागला. मला त्याचाही राग आला. म्हणजे त्यालाही आम्हा दोघींपैकी एकीचा संशय होताच.

आणि तरीही वस्तू जातच राहिल्या. संक्रांतीच्या सुमारास नवरा वाळवीचं औषध मारायला आत गेला आणि बाहेर आला तो घाम पुसत. "घंगाळ नाई. पान्याचा पितळी गुंडही नाई. गोधड्यायची पेटी अर्धी झाली."

किल्ली त्याच्या खिशात होती. माझा आणि सासूबाईंचा एकमेकींवरचा संशय तेव्हा खरं तर संपायला हवा होता. तो नुसता बाजूला सरकला. आता आम्ही तिघं मिळून गल्लीतल्या लोकांवर संशय घेऊ लागलो. त्यात एक प्रकारचं बरं वाटलं, हेही खरं.

गल्लीच्या टोकाला एक घर नवं बांधलेलं होतं. घरातली बाई आरोग्य केंद्रात नर्स, नवरा तहसीलला कामाला. चौदा एप्रिलला दारात निळा झेंडा लागायचा असं आमच्या गल्लीतलं ते एकच घर. समोरच्या वहिनी एका दुपारी हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "टोकावरच्या बाईच्या मागच्या अंगनात पाटा आहे. मी सोता पाह्यला. नव्या घरात पाटा कोठून आला?" नव्या घरात पाटा विकतही येतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही. गल्लीत इतकी घरं, निम्म्या घरांच्या मागे पाटे असतील. ते आम्ही कुणी पाहायला गेलो नव्हतो.

मी शाळेतल्या मुलांच्या लसीकरणाची तारीख विचारायच्या निमित्तानं नर्सबाईंकडे गेले. त्यांनी तारीख सांगितली, पाणी दिलं. मी बसून राहिले. नजर मागच्या दाराकडे जात होती. त्यांनीही एकदा मागच्या दाराकडे पाहिलं आणि उठल्या.

"मॅडम, पाटा पाहाचा असंल तर इकून या."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं. पाटा कोरा होता. टाकीचे घाव अजून पांढरे दिसत होते. गाढवांवर पाटे-वरवंटे घेऊन फिरणारे लोक येतात, त्यांच्याकडून घेतलेला.

"तुम्ही तिसऱ्या," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोघीयनं तर निमित्तबी धड नाई आनलं."

त्यांचा आवाज चढला नाही. मी घरी आले आणि सासूबाईंना फक्त एवढंच सांगितलं की तो पाटा तो नाही. त्यानंतर नर्सबाई रस्त्यात दिसल्या की सरळ पुढे बघून जायच्या.

होळीच्या नंतर पुण्याहून मुलाचा फोन आला. घराला गिऱ्हाईक लागलं होतं. तो पुढच्या रविवारी येणार होता. "आणि भाऊ," तो म्हणाला, फोन स्पीकरवर होता, "आईचं पितळ तेवढं बाजूला काढून ठेवा. घंगाळ, गुंड वगैरे. मिसेस म्हणतात, फ्लॅटमध्ये छान दिसेल. आजकाल त्यात झाडं लावतात."

नवऱ्यानं बरं म्हणून फोन ठेवला. मग सासूबाई म्हणाल्या, "आपलं घंगाळ देऊन टाका. त्याले काय समजते?"

"आई," नवरा म्हणाला, "मंग आपण खरंच चोर झालो का नाई?"

"त्याच्या मनात तर तसे बी होऊच."

फोनवर आत्ताच का सांगितलं नाही, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काय सांगू? किल्ली माह्या खिशात होती अन् सामान गेलं, असं सांगू?"

त्याच आठवड्यात सकाळची शाळा सुरू झाली होती. मी दुपारच्या आत घरी यायला लागले. आठवडी बाजाराचा दिवस होता, गल्ली रिकामी, सासूबाईही बाजारात गेलेल्या. मी गाडी लावत होते तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. लोखंडी काहीतरी फरशीवरून ओढत नेल्याचा. पुढचं कुलूप तसंच होतं. मी घराला वळसा घालून मागे गेले. त्या घरांच्या मागे शेत आहे. तूर केव्हाच निघाली होती आणि रान उघडं पडलं होतं. बडेबाबूंच्या न्हाणीचं एक दार मागे उघडतं. त्याला बाहेरून एक जुनं गंजकं कुलूप असायचं. त्याची किल्ली आम्हाला कधी दिलीच नव्हती, म्हणून ते दार आम्ही कधी हिशेबात धरलंच नव्हतं. ते कुलूप उघडं लटकत होतं.

आत काकूंची मुलगी होती. पदर खोचून ती शिलाई मशीन दाराकडे ओढत होती.

मला पाहून ती थांबली, पण दचकली नाही. बडेबाबूंच्या घरात तिला मी शेवटची पाहिली ती काकूंच्या मयतीला. "वहिनी," ती म्हणाली, "मोठी जड आहे हो."

"ताई, तुम्ही?"

"मीच. पाटा बी मीच नेला, घंगाळ बी. तूर उभी होती तवा सोपं होतं. बाजाराच्या दिवशी कोणी नसते. गोणपाटात बांधलं की डोक्यावर घेऊन तिकडच्या रस्त्यानं जा, तिकडं ऑटो भेटते."

"ही किल्ली?"

"आईची. ती दवाखान्यात होती तवा माह्याजवळ देली. कोणी मांगतली नाई, म्या देली नाई."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मला आधी हलकं वाटलं आणि मग राग आला. मी तिला सांगितलं, तुमच्या पाट्यापायी माझ्या सासूबाई आणि मी एकमेकींना चोर समजलो, माझा नवरा रात्री झोपत नाही, टोकाच्या घरातल्या बाईची बिचारीची तर गल्लीनं झडती घेतली. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"हे तं माह्या ध्यानातच नाई आलं," ती म्हणाली. "मले वाटलं, बंद घर आहे, कोणाले काय कळते."

"तुम्ही दारावर येऊन मागितलं असतं तर आम्ही उघडून दिलं नसतं का?"

"भाऊसाहेबायनं आधी पुन्याले फोन केला असता." माझ्या नवऱ्याला ती भाऊसाहेब म्हणायची. हे खरंच होतं. त्यानं केलाच असता.

"तुमचा भाऊ रविवारी येतोय. त्याला घंगाळ हवंय."

"कायले?"

"झाडं लावायला."

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मी सही केली वहिनी. तहसीलात जाऊन केली, कोणी जबरदस्ती नाई केली. घर त्याचं. पन सही केली तवा कोणी पाट्याचं नाव नाई काढलं. गोधड्या माह्या आईनं माह्या लगनाच्या सालापासून शिवल्या. त्या घराच्या भिंती आहेत काय?"

ती हे अगदी पोटातून बोलत होती आणि मी ऐकतही होते. पण इतके महिने संशयात काढल्यावर माणसाचं मन सरळ चालत नाही. पितळेला आता भाव आहे हे मलाही माहीत होतं. मी विचारलं, "घंगाळ घरीच आहे ना, ताई? विकलं तर नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सोनाळ्याले येऊन पाहा," एवढंच म्हणाली.

मशीन उचलायला तिनं मदत मागितली नाही आणि मी केली नाही. मशीन तिथेच सोडून, न्हाणीचं कुलूप लावून ती शेताच्या अंगानं निघून गेली. ती जाताना मी तिला म्हणाले, "रविवारी तुम्ही सांगा. नाहीतर आम्हाला सांगावं लागेल."

घरात यावर तीन दिवस वाद झाला. नवरा म्हणाला, सरळ फोन करून सांगायचं, ज्याची वस्तू त्याला हिशेब. सासूबाई म्हणाल्या, "बहीन-भावाच्या मधात जाऊ नोको. ते उद्या एक होतीन अन् आपलं तोंड काळं." मी म्हणाले, रविवारपर्यंत थांबू. थांबण्यात माझाही स्वार्थ होता. ती आली नाही तर ती खोटी ठरेल, असं मला वाटत होतं, आणि ती खोटी ठरावी असंही थोडंसं वाटत होतं. म्हणजे मग आमचं पाहणं, राखणं, संशय घेणं, सगळंच बरोबर ठरलं असतं.

रविवारी मुलगा सकाळीच आला. सोबत घर घेणारे गृहस्थ होते. ते घर पाहून, मोजमाप करून गेले. मग तो एकटाच आमच्याकडे चहाला आला. नवऱ्यानं त्याला आल्या आल्या सांगितलं की पितळ घरात नाही. तो नुसता "अच्छा" म्हणाला. चहा पिताना तो चांगलंच बोलत होता, पुण्यातल्या पाण्याबद्दल, शाळेतल्या जुन्या मास्तरांबद्दल. पण त्याची नजर आमच्या फडताळावरून फिरत होती. वरच्या फळीवर सासूबाईंचं घंगाळ होतं, आमचंच, त्यांच्या लग्नातलं. तिथे ती थांबली. मग पुढे गेली, मग परत आली.

सासूबाई उठल्या. त्यांनी स्टुलावर चढून ते घंगाळ खाली काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तळाशी त्यांच्या सासऱ्यांचं नाव ठोकलेलं होतं. "वाच," त्या म्हणाल्या.

त्याचा चेहरा लाल झाला. "नाही हो मावशी, माझ्या मनात तसं काही..." तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला.

बहीण आत आली. ती दारातच उभी राहून म्हणाली, "दादा, पितळ माह्याजवळ आहे. पाटा, गोधड्या बी. या लोकायनं हात नाई लावला."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. पुण्याची बोली एकदम गेली. "मले सांगतलं असतं तं मी नाई म्हनलं असतं का?"

"नसतं म्हनलं. म्हनून तं नाई सांगतलं."

"म्हंजे?"

"तू घे म्हनला असता. मंग ते तू देल्लेलं झालं असतं. आईचं नसतं राह्यलं."

माझा नवरा जमिनीकडे बघत होता. मला वाटतं, या सगळ्यात त्यानं कधी असा विचार केला नव्हता आणि तो त्याला पटलाही नसावा, पण खोटा म्हणता येत नव्हता.

मुलगा म्हणाला, "मशीन राह्यली ना तिथं. ने."

"देऊन राह्यला का?"

मग खिशातून फोन काढून तो बाहेर अंगणात गेला. तिनं चहा घेतला, सासूबाईंच्या पाया पडली आणि त्याच ऑटोनं सोनाळ्याला परत गेली. मशीन नेली नाही.

दुपारी त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. कूलर, पत्रे, पलंग, भांडी, जे कुणाला द्यायला माझ्या नवऱ्यानं इतकी वर्षं नकार दिला होता ते सगळं एका हातगाडीवर गेलं. समोरच्या वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. मशीन मात्र त्यानं गाडीवर चढवू दिली नाही. ती घराबरोबर नव्या मालकांकडे गेली. निघताना तो नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, मनात आलं होतं माझ्या. खोटं कशाला बोलू."

"आलंच असतं कोनाच्या बी," नवरा म्हणाला. त्यानं किल्ली त्याच्या हातात ठेवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

सासूबाई दुसऱ्या दिवशी टोकाच्या घरी गेल्या. मी नाही गेले, माझी हिंमत झाली नाही. परत आल्यावर त्या पाय धुऊन बसल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्या सारं सांगतलं, की बाप्पा पोरीनंच नेलं सारं. तिनं ऐकलं. मंग म्हने, मावशी, पाहाले आल्त्या त्या साऱ्याच आता सांगाले बी येतीन का?"

"मग तुम्ही?"

"मी काय म्हननार? म्हनलं, नाई येनार."

समोरच्या वहिनी गेल्या नाहीत हे मला माहीत आहे. मी पुढे एकदा गेले. नर्सबाईंनी पाणी दिलं, शाळेचं विचारलं, मागच्या दाराचा विषय निघाला नाही. त्या आता रस्त्यात दिसल्या की मान हलवतात.

त्या दिवशी सासूबाई पाय पुसत मला म्हणाल्या, "तुले खरंच वाटलं होतं का, की मीच नेला?"

"हो," मी म्हणाले. "आणि तुम्हाला?"

"मले बी." त्यांनी दुसरा पाय पुसला. "तुह्या भावानं डाळच नेली होती ना?"

"डाळच."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकाला लागल्या.

नवऱ्याचं मत अजून बदललेलं नाही. तो म्हणतो, तिनं केलं ती चोरीच, फक्त चोराची बाजू चांगली होती. सासूबाई म्हणतात, जिच्या आईचं तिनं नेलं, त्यात चोरी कसली. माझं मत विचाराल तर ते दिवसागणिक बदलतं. मध्यंतरी प्रशिक्षणासाठी मला सोनाळ्याला जावं लागलं. तिचं घर बस थांब्यापासून जवळ आहे असं कुणीतरी सांगितलं. ती 'येऊन पाहा' म्हणाली होती. मी परतीच्या बससाठी बराच वेळ उभी होते, पण तिकडे गेले नाही. गेले असते तर तिला वाटलं असतं, मी पाहायलाच आले. आणि खरं सांगायचं तर मी त्याचसाठी गेले असते.